खडी, खरखर आणि जवारी

'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'. मराठीत म्हणायचं तर खडीच्या रस्त्यावर गाडीची चाकं. लुसिंडा विल्यम्स या अमेरिकी गायिकेचा हा अल्बम 1998 च्या जूनअखेर आला. 13 गाणी, सगळी मिळून पाऊण तासाहून थोडी जास्त. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला निम्मे शब्द कळले नव्हते. बाई लुइझियानाची, शब्दांची टोकं गिळत, ओळ ओढत ओढत गाते. कळला तो आवाज. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी निघतो तसा, कडेला फाटलेला. तीन-चार वेळा ऐकल्यावर लक्षात आलं की खडी नुसती नावात नाही, गळ्यातही आहे. आणि गिटारमध्येही. तेव्हापासून मी हा अल्बम खरखरीचं एक प्रात्यक्षिक म्हणून ऐकतो.

या प्रकाराला ऑल्ट-कंट्री म्हणतात. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून वर आलेलं संगीत, आणि नॅशव्हिल त्याची राजधानी. ढोबळ सांगायचं तर नॅशव्हिलच्या चकचकीत कंट्री संगीताकडे पाठ फिरवून रॉक आणि पंकच्या ओबडधोबडपणाशी घरोबा केलेलं कंट्री. व्याख्येत याहून जास्त शिरण्यात अर्थ नाही, त्यावरून भांडणारे पुष्कळ आहेत.

आधी रस्त्यावरची खडी. चाक तिच्यावरून जातं तेव्हा दगडावर दगड आपटतो, घासतो, निसटतो. प्रत्येक टक्कर म्हणजे अगदी क्षणभराचा एक 'टक्'. एका सेकंदात असे इतके टक् होतात आणि इतके अनियमित होतात की त्यात सूर उरत नाही. सूर म्हणजे पुनरावृत्ती. हवेने ठराविक वेळाने तीच हालचाल पुन्हा केली की कानाला सूर सापडतो. खडीत पुनरावृत्ती नाही. तरीही डोळे मिटून आपण सांगू शकतो की ही खडी आहे, पाऊस नाही, टाळ्या नाहीत, तळणीचं तेलही नाही. कशावरून?

जॉश मॅकडरमॉट आणि ईरो सिमोन्सेली यांनी 2011 साली याचं एक सुंदर उत्तर दिलं. पाऊस, वाहतं पाणी, किडे, आग अशा आवाजांची त्यांनी आधी फोड केली, म्हणजे कान करतो तशी उंच-खालच्या पट्ट्यांमध्ये वाटणी. मग प्रत्येक पट्टीतली सरासरी, चढउतार, दोन पट्ट्या एकदम वाढतात की वेगवेगळ्या, अशी मोजमापं काढली. त्यानंतर कसलाही आकार नसलेला नुसता खरखराट घेतला आणि तो त्या मोजमापांत बसेपर्यंत घडवत नेला. ऐकणाऱ्यांनी बरेचसे आवाज ओळखले. म्हणजे एकही खरा थेंब नसताना पाऊस पडला! दोन वर्षांनी त्यांच्याच पुढच्या प्रयोगात आणखी गंमत दिसली. एकाच जातीच्या आवाजाचे दोन वेगळे तुकडे ऐकवले, तर तुकडे जितके लांब तितकं त्यांच्यातला फरक सांगणं अवघड गेलं. एरवी जास्त ऐकलं की जास्त कळतं, इथे उलट. कारण मेंदू थेंबांचा हिशेब ठेवत नाही, सरासरी ठेवतो, आणि लांब तुकड्यांच्या सरासऱ्या एकमेकींना जाऊन मिळतात.

अल्बमच्या शीर्षकगीतातली मुलगी गाडीच्या मागच्या सीटवर आहे. जॉर्जियातल्या मेकन गावातलं घर, स्वयंपाकघर, रेडिओ, कॉफीचा वास, आणि मग निघायची घाई. लुसिंडाचे वडील मिलर विल्यम्स कवी आणि प्राध्यापक. 1997 साली बिल क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीला कविता वाचली ते हेच. त्यांच्या नोकऱ्यांपायी कुटुंब सतत गावं बदलत राहिलं. गाणं प्रथम ऐकल्यावर ते मुलीला 'मला माफ कर' म्हणाले, अशी आठवण तिने सांगितली आहे. गाण्यातली मुलगी कोण हे तोवर तिच्याही नीट ध्यानात आलं नव्हतं, वडिलांनी मात्र तिला ओळखलं होतं. खडीच्या आवाजात लक्षात ठेवण्यासारखी एकही घटना नसते, आणि तरी त्या मुलीला तो एवढंच सांगत असतो की आपण पुन्हा निघालो.

आता गळ्यातली खडी.

स्वरयंत्रातल्या दोन पडद्या बोलताना एकमेकींवर आपटत राहतात, बाईच्या आवाजात सेकंदाला साधारण 200 वेळा. चार मिनिटांचं गाणं सलग गायलं तर 48 हजार वेळा. मिनोरू हिरानो या जपानी वैद्याने 1970 च्या दशकात दाखवून दिलं की या पडद्या एकसंध नसतात; आत स्नायू, वर जेलीसारखा मऊ थर, आणि त्यावर पातळ त्वचा. वरचा थर आतल्यावर सैल बसलेला असतो, म्हणून त्यावरून लाट फिरते, वाऱ्याने उशीचा अभ्रा हलावा तशी. लाट सारखी फिरली की आवाज गोल येतो. दोन पडद्या पूर्ण मिटल्या नाहीत तर फटीतून हवा सुसाटते आणि सुरात श्वास मिसळतो. एक ठोका मोठा आणि पुढचा छोटा पडला तर मूळ सुराच्या खाली दुसराच, अर्ध्या वेगाचा सूर उगवतो आणि आवाज घोगरा वाटतो. आणि ओळीच्या शेवटी हवेचा दाब संपत आला की ठोके सेकंदाला 20 ते 70 इतके मंदावतात. दाराची बिजागरी करकरावी तसं काहीसं. लुसिंडाच्या ओळी याच तीन वाटांनी विरतात, आणि कुठली ओळ कुठल्या वाटेने जाईल हे ऐकण्यातच निम्मी मजा आहे.

ही करकर कानाला बोचते का? बोचते, आणि त्याला आकडा आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1863 साली सांगितलं होतं की आवाजाची पातळी सेकंदाला तीसेक वेळा वरखाली झाली की तो सर्वांत खरबरीत वाटतो. 2015 साली ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांना आढळलं की माणसाची किंकाळी सेकंदाला 30 ते 150 वरखालींच्या याच टापूत बसते. साधं बोलणं तिथे फिरकत नाही. तो भाग जणू धोक्याच्या सूचनांसाठी राखून ठेवलेला. अशा आवाजांनी मेंदूतलं भीतीशी संबंधित केंद्र, अमिग्डाला, जास्त जागं होतं. हे किंकाळीबद्दल झालं. फाटक्या गाण्यात तोच मसाला चिमूटभर असतो म्हणून आपण कान टवकारतो, हा पुढचा तर्क माझा. त्या प्रयोगाने तो सिद्ध केलेला नाही.

पण गळा कितीही फाटका असला तरी तो ध्वनिमुद्रणात उतरायला हवा, आणि इथेच या अल्बमची सगळी रखडकथा आहे. आधीचा अल्बम 1992 चा. हा यायला सहा वर्षं लागली. टेक्सासमधल्या ऑस्टिनला तिचा जुना साथीदार गर्फ मॉर्लिक्स याच्याबरोबर तो जवळजवळ पुरा झाला होता. मग तिने स्टीव्ह अर्लच्या एका अल्बमसाठी गायलं, आणि तिथे आपला आवाज जसा आला तसाच तिला हवा झाला. नॅशव्हिलला अर्ल आणि रे केनेडी यांच्याबरोबर पुन्हा मुद्रण. त्यावरही समाधान नाही, म्हणून लॉस एंजेलिसला रॉय बिटनबरोबर हात फिरवला. इतकी वर्षं घासूनपुसून शेवटी जे हाती आलं ते एका दमात, बेफिकीर गायल्यासारखं वाटतं!

मुद्रणात आवाज 'जवळ' येतो तो दोन गोष्टींमुळे. पहिली मायक्रोफोनची. एका दिशेचं जास्त ऐकणाऱ्या मायक्रोफोनला तोंड अगदी लावलं की खालचे सूर फुगतात. रेडिओ निवेदकांचा भारदस्तपणा अर्धाअधिक याच हिशेबातला. दुसरी कॉम्प्रेसरची. हे यंत्र मोठा आवाज दाबतं, मग सगळीच पातळी उचलता येते, आणि एरवी हरवणारे श्वास, ओठ सुटल्याचा आवाज, ती शेवटची करकर वर येते. कुजबुज नेहमीच्या बोलण्याहून कितीतरी हळू असते. ती मोठी ऐकू आली तर मेंदू एकच हिशेब करतो, की बोलणाऱ्याचं तोंड माझ्या कानाशी आहे. 1998 च्या अल्बममधली अनोळखी बाई आपल्या उशीशी येऊन बसते ती अशी.

कालगणनेतला एक योगायोग मला फार आवडतो. तेल शोधण्यासाठी जमिनीत सोडलेल्या कंपनांचं विश्लेषण करणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड यांनी तेच गणित सुरांना लावलं आणि 1997 साली ऑटो-ट्यून बाजारात आलं. सूर हलला की हे सॉफ्टवेअर त्याला जागेवर बसवतं. 1998 च्या शरदात शेर या गायिकेचं 'बिलीव्ह' आलं आणि मुद्दाम ताणलेल्या ऑटो-ट्यूनचा तो यांत्रिक गळा जगभर वाजला. म्हणजे एकाच वर्षी एकीकडे आवाजाची सगळी खडी वेचून गुळगुळीत डांबर झालं, आणि दुसरीकडे सहा वर्षं खपून खडी अंथरली गेली. शेरचं गाणं झकास आहे, गैरसमज नको.

आपल्या कानांना हे सगळं परकं वाटू नये, कारण आपल्याकडे यासाठी शब्दच आहे: जवारी. तंबोऱ्याची तार घोडीच्या बारीक उतरत्या पाठीवर टेकते, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवतात, आणि तो केसभर इकडेतिकडे झाला की तार बोलू लागते किंवा मुकी होते. मिरजेचे कारागीर घोडी घासून जवारी काढतात, तेव्हा मोजपट्टी नव्हे, कान लावून बसतात. कंप पावताना तार त्या उतारावर टेकते-सुटते आणि त्यातून वरचे स्वरांश, म्हणजे मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट वेगाचे सूर, उमलत राहतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली यावर लिहिलं. तारेच्या ज्या बिंदूवर छेडलं असता एखादा स्वरांश उमटायलाच नको, तिथे छेडूनही तंबोऱ्यात तो उमटतो, हे त्यांनी दाखवलं. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाला तंबोऱ्याने दिलेला हा गुंगारा.

गळ्यालाही आपण 'जवारीदार' म्हणतो. मग लुसिंडाचा गळा जवारीदार का? मला वाटतं, नाही. जवारीत वाढतात ते सुराचेच नातेवाईक, मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, सगळे रांगेत. घोगऱ्या गळ्यात वाढतो तो श्वासाचा गोंगाट आणि ते अर्ध्या वेगाचे आगंतुक सूर. पहिली शिस्तीतली खरखर, दुसरी बेशिस्त. कान मात्र दोन्हींना 'भरलेला आवाज' असंच म्हणतो.

गिटारचं नातं तर अधिकच जवळचं. या अल्बममध्ये स्लाइड वाजते आणि डोब्रोही. डोब्रो हे नाव 'दोप्येरा' आणि 'ब्रदर्स' या शब्दांच्या सुरुवाती जोडून झालं; त्यांच्या मूळच्या स्लोव्हाक भाषेत त्या शब्दाचा अर्थही 'चांगलं' असाच. 1928 साली निघालेल्या या गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमचा पातळ शंकू असतो, वीज नसलेला लाउडस्पीकरच म्हणा. तारेवर धातूचा किंवा काचेचा तुकडा सरकवायचा. गिटारीच्या दांडीवरच्या पडद्यांशी (फ्रेट्सशी) संबंध नाही, म्हणून सूर पायऱ्या न चढता घसरतो. आपली मींड. ही सरकवायची युक्ती हवाईच्या जोसेफ केकुकू याच्या नावावर आहे, 1880 च्या दशकातली, तो शाळकरी असतानाची. तिथून ती अमेरिकेच्या दक्षिणेत गेली आणि इकडे भारतातही आली. हवाईचा टाऊ मो 1940 च्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत आणि शिकवत होता. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर राग मांडले आणि 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला हीच गिटार वाजली. म्हणजे लुसिंडाच्या गाण्यातली स्लाइड आणि काबरांची मींड चुलतभावंडं निघाली. तरी स्लाइडमध्ये एक गोष्ट जास्तीची असते. गुंडाळलेल्या तारेच्या वेढ्यांवरून तुकडा खरवडत जातो, तो किसल्यासारखा आवाज. पुष्कळ वादक तो लपवतात. इथे तो तसाच ठेवलाय.

एकच गाणं ऐकणार असाल तर 'ग्रीनव्हिल' ऐका, तेही हेडफोनवर. त्यात एमिलू हॅरिस वरच्या सुरात साथ करते. तिचा गळा काचेसारखा, हिचा खडीसारखा. दोन आवाज एका जातीचे असते तर मिसळून एक झाले असते. इथे ते शब्दागणिक शेजारी राहतात, आणि बेवड्या प्रियकराला गावी परत जा म्हणून सांगणाऱ्या त्या ओळींना दोन माणसं एकदम बोलत असल्याचा भास होतो.

2020 च्या नोव्हेंबरमध्ये लुसिंडाला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला, म्हणून शरीराची डावी बाजू लुळी पडली. गिटारीच्या तारा दाबतो तो डावा हात. वाजवणं गेलं, गाणं राहिलं. याचं एक कारण मज्जातंतूंच्या मांडणीत आहे: हाताची बोटं मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध अर्ध्याकडून हुकूम घेतात, स्वरयंत्राच्या स्नायूंना मात्र दोन्ही अर्ध्यांकडून तारा येतात. एक बाजू गेली तरी दुसरी पडद्या मिटवू शकते. पुढच्याच वर्षी ती रंगमंचावर परतली, गिटार दुसऱ्यांच्या हाती देऊन.