स्मोको हा शब्द आला कुठून

साइटवर पहिल्यांदा "स्मोको!" अशी हाक ऐकली तेव्हा मला वाटलं सगळे सिगरेट ओढायला चाललेत, बघतो तर थर्मासमधला चहा नि डब्यातलं सँडविच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये कामाच्या मधल्या छोट्या सुट्टीला स्मोको म्हणतात, आणि कुणाकुणाला तो नुसता आळस वाटतो. शब्द १९व्या शतकाच्या मध्याचा, आधी स्मोक-ओ असं लिहायचे.

तेव्हा ओढायचे पाइप. दाबलेल्या तंबाखूची वडी चाकूने कापायची, तळहातावर चोळायची, मग पाइपात भरून पेटवायची, म्हणजे आपल्याकडे बांधावर बसून चुना लावून तंबाखू मळतात ना तसंच, वेळ लागतो आणि दोन्ही हात मोकळे लागतात, काम थांबवावंच लागतं.

हा शब्द सगळ्यात घट्ट रुजला तो मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांत. त्यांचा दिवस दोन-दोन तासांच्या चार रनचा, म्हणजे सलग कातरायच्या पाळ्यांचा, साडेसातला सुरू, साडेनऊला अर्धा तास स्मोको, बाराला जेवण, तीनला परत स्मोको, साडेपाचला बंद. घंटा झाली की नवी मेंढी धरायची नाही, हातातली मात्र पुरी करायची, आणि पैसे मेंढीमागे मिळतात म्हणून घंटेच्या ऐन तोंडावर अजून एक ओढून आणायची धडपड चालते, त्या मेंढीला बेल शीप म्हणतात. जॅकी हाऊ नावाच्या कातरणाऱ्याने १८९२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडला हातकात्रीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या, सगळं कमरेत वाकून! दोन तास असं वाकल्यावर अर्धा तास पाठ टेकायला मागणं हा आळस कसा काय? याच लोकांनी १८८६ ला ऑस्ट्रेलियातल्याच बॅलरॅट गावी युनियन काढली, १८९१ ला क्वीन्सलंडमध्ये मोठा संप केला, तो मोडला पण युनियन संपली नाही.

अमेरिकन सैन्यातही विश्रांतीच्या वेळी "असेल तर ओढा" अशा अर्थाचं वाक्य रूढ होतं, तिथे रेशनच्या पाकिटात सिगरेटीच यायच्या, १९७५ पर्यंत.

न्यूझीलंडने डिसेंबर २००४ पासून कामाच्या ठिकाणी आत ओढायला बंदी केली, तरी सुट्टीचं नाव स्मोकोच राहिलं. आता लोकर कातरायच्या शेडमध्ये स्मोकोला मोठ्या किटलीतून चहा येतो, सोबत केक नि सँडविच, आणि कुणी सिगरेटवाला असलाच तर तो बाहेर उन्हात जाऊन उभा राहतो.