बोटीची पुस्तिका आणि तुमचे इंजिन: कोणाचे कुठे ऐकावे

बोटीसोबत मिळालेली पुस्तिका नीट वाचणारे ग्राहक आम्हाला आवडतात. तरीही आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या काही इंजिनांची कहाणी अशी असते की मालकाने सगळे वेळेवर केले, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच केले, आणि नेमका तिथलाच आकडा चुकीचा होता. अशा माणसाला निष्काळजी म्हणता येत नाही. म्हणून हे माहितीपत्रक.

पुस्तिका चुकते कशी, ते आधी समजून घ्या. बहुतेक वेळा एकच पुस्तिका लहानमोठ्या पाच-सहा इंजिनांसाठी छापलेली असते. तक्त्यात ओळ घसरली की शेजारच्या मॉडेलचा आकडा तुमच्या इंजिनाला लागतो. भाषांतर करताना मापे बदलतात. छपाईनंतर कंपनी एखादा भाग किंवा ऑइल बदलते, जुनी पुस्तिका मात्र खोक्यात तशीच येत राहते. बोट बांधणाऱ्याची पुस्तिका आणि इंजिन बनवणाऱ्याची पुस्तिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंजिनाच्या बाबतीत दोन्हींचे पटत नसेल तर इंजिनवाल्याचे धरा. वापरलेली बोट घेतली असेल तर इंजिन मूळचेच आहे का, ही शंका आधी फेडून घ्या.

सुरुवात इंजिनावरच्या पाटीपासून करा. मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, फोटोही काढा. कोणताही आकडा तपासायचा तर त्या नंबरावरून निघालेली सर्व्हिस मॅन्युअल आणि कंपनीची नंतरची सुधारणापत्रे मालकाच्या पुस्तिकेपेक्षा वरचढ समजा. आमच्या कामात आम्ही एक नियम पाळतो: ज्या आकड्यामुळे इंजिन जाऊ शकते, तो दोन ठिकाणी सारखा सापडल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

पेट्रोलमध्ये ऑइल किती?

हे फक्त टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन) आणि तेही हाताने ऑइल मिसळायचे असेल तर. ५०:१ म्हणजे एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, १० लिटरच्या टाकीला २००. १००:१ असेल तर त्याच टाकीला फक्त १००. १९८०च्या दशकात काही कंपन्यांनी १००:१ हे प्रमाण छापले होते. पुढे त्यातल्या काही इंजिनांसाठी ते मागे घेऊन पुन्हा ५०:१ सांगितले गेले. जुन्या इंजिनासोबत त्या काळातली पुस्तिका असेल, तर तिच्यात हा बदल दिसणारच नाही.

खात्री होईपर्यंत कोणत्या बाजूला चुकावे, याचे उत्तर सरळ आहे. ऑइल थोडे जास्त झाले तर धूर येतो, प्लग काळे पडतात. प्लग बदलता येतो. कमी पडले तर पिस्टन जाम होतो आणि सिलिंडरला चरे पडतात. ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचेच हवे, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेले. मोटरसायकलचे चालत नाही.

मापांचा घोळ

बोल्ट किती आवळायचा याचे आकडे सर्वांत जास्त फसवतात. ८० इंच-पौंड म्हणजे साधारण ९ न्यूटन-मीटर. तेच ८० फूट-पौंड म्हणजे सुमारे १०८. छापताना एक शब्द बदलला की फरक थेट बारापट. अ‍ॅल्युमिनियममध्ये बसणारा ६ मिलिमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. पुस्तिका त्याला ५०-६० सांगत असेल तर तिथेच थांबा. त्या जोराने आटे जातील, नाहीतर बोल्ट आतच तुटेल, आणि खाऱ्या पाण्यात मुरलेला तुटका बोल्ट काढणे हे आमच्या कामातले सर्वांत कष्टाचे काम आहे.

गॅलनचेही तसेच. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. इंजिन ऑइल भरताना पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडे कमी ओता, इंजिन सरळ उभे ठेवा, थोडा वेळ थांबा आणि मग दांडीवरची खूण पाहून उरलेले भरा. फिल्टर बदलला की माप वाढते, आणि ते कधीकधी पुस्तिकेत लिहिलेलेच नसते.

गिअर ऑइल

आउटबोर्डच्या खालच्या भागाला गिअर ऑइलचे दोन स्क्रू असतात, एक तळाशी आणि एक वर. काही मॉडेलमध्ये तळाच्या स्क्रूजवळ तिसरा, फुलीच्या खाचेचा स्क्रू असतो. तो गिअर टाकणाऱ्या यंत्रणेला आतून धरून ठेवतो. एका ग्राहकाच्या पुस्तिकेतल्या चित्रात बाण नेमका त्याच स्क्रूवर होता. त्यांनी तो काढला, ऑइल निघाले, नवे भरले, स्क्रू परत बसवला. त्यानंतर गिअर पडेना. आतला भाग जागेवरून सुटला होता. सगळे खोलूनच तो परत बसवावा लागला. त्यामुळे चित्र आणि प्रत्यक्ष जुळत नसेल तर स्क्रूला हात लावण्याआधी आम्हाला फोटो दाखवा.

बरोबर स्क्रू सापडले की आधी तळाचा काढा, मग वरचा, आणि जुने ऑइल पूर्ण निथळू द्या. ते निरखून बघा. दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरते आहे. स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर पिठासारखी बारीक कीस चालते. बोटाला टोचणारे तुकडे चालत नाहीत. नवे ऑइल तळाच्या छिद्राला नळी लावून खालून वर भरायचे, वरच्या छिद्रातून बुडबुड्यांशिवाय येऊ लागेपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा आणि नंतर नळी काढून चटकन खालचा. वॉशर दोन्ही नवे. एवढ्याशा वॉशरवरून केलेली काटकसर गिअरपेटीत पाणी शिरायला पुरते. पुस्तिकेतल्या मापापेक्षा बरेच कमी ऑइल मावले, तर आत हवा अडकली आहे किंवा पुस्तिका दुसऱ्या मॉडेलची आहे.

याच वेळी पंखाही (प्रोपेलर) काढा. त्यामागे गुंडाळलेली मासेमारीची दोरी सील कापते, आणि पुस्तिकेत हे क्वचितच सापडते.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप

इम्पेलर, म्हणजे पंपातले पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, कधी बदलायचा याबद्दल पुस्तिका तास किंवा वर्षे सांगते. पण गाळाच्या, वाळूच्या पाण्यात चालणारा रबरी इम्पेलर लवकर झिजतो, आणि नुसत्या उभ्या बोटीतही त्याची पाती वाकून तशीच राहतात. पाण्याशिवाय इंजिन चालवले तर तो काही क्षणांत खराब होऊ शकतो. तेव्हा वर्षातून एकदा तो उघडून पाहाच. पाते तुटलेले दिसले तर तुकडे मोजा आणि सगळे शोधा. हरवलेला तुकडा पुढे पाण्याच्या वाटेत अडकतो आणि नव्या इम्पेलरनंतरही इंजिन तापते. आउटबोर्डच्या मागून येणारी पाण्याची धार बारीक झाली तर आधी त्या भोकात पातळ तार घालून पाहा, कारण कित्येकदा तिथे फक्त माती असते.

अ‍ॅनोड म्हणजे इंजिनाचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. त्याबद्दल पुष्कळ पुस्तिका नुसते ‘जस्त’ लिहून मोकळ्या होतात. खाऱ्या पाण्यात जस्त ठीक, अ‍ॅल्युमिनियमही ठीक. निमखाऱ्यात अ‍ॅल्युमिनियम. गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून ते काम करेनासे होते, तिथे मॅग्नेशियम हवे. निम्मा झिजला की बदला, आणि त्याला रंग कधीही लावू नका.

इथे पुस्तिका गप्प असली तरी ऐका

इंजिन बोटीच्या आत असेल आणि ते पेट्रोलवर चालत असेल, तर सुरू करण्याआधी ब्लोअर (इंजिनाच्या खणातली हवा बाहेर फेकणारा पंखा) निदान चार मिनिटे चालवा, आणि झाकण उघडून स्वतः वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. स्टार्टर किंवा अल्टरनेटर बदलताना मोटारीचा ‘तसाच दिसणारा’ भाग बसवू नका, मग पुस्तिकेच्या पर्यायी भागांच्या यादीत त्याचा नंबर असला तरी. बोटीच्या भागांतली ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते, मोटारीच्या भागांत ती नसते. यावर आम्ही तडजोड करत नाही. असा भाग घेऊन आलात तर तो बसवून देणार नाही.

बोटीत एक वही ठेवा. इंजिनाचे तास, प्रत्यक्षात मावलेले ऑइल, नेहमीच्या ओझ्यासह पूर्ण थ्रॉटलला मिळालेला आरपीएम, हे सगळे तारखेसह लिहा. आरपीएम इंजिन कंपनीने दिलेल्या पट्ट्याच्या खाली राहत असेल तर प्रोपेलरचा पिच (एका फेरीत तो जितका पुढे सरकावा ते अंतर) जास्त असू शकतो. एका इंचाने साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. पुस्तिकेत चूक सापडली तर पेन्सिलने खोडून शेजारी बरोबर आकडा आणि तो कुठून मिळाला ते लिहा. पान फाडू नका.

सर्व्हिसिंगला येताना ती पुस्तिका, वही आणि पाटीचा फोटो सोबत आणा. ज्या पानाबद्दल शंका आहे तिथे कागदाची खूण घालून ठेवा, ते पान आम्ही तुमच्यासमोर तपासू.