पडद्यावरची विषकन्या आणि गणिताचा पेपर

हॉलिवूडच्या जुन्या सिनेमात आशियाई बाई आली की तिचं पुढे काय होणार हे आधीच ठरलेलं, एकतर ती गरीब गाय, गोऱ्या हिरोवर जीव ओवाळून टाकणारी, नाहीतर विषकन्या, कावेबाज नजर आणि गोड बोलून काटा काढणारी. ॲना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली चिनी वंशाची नटी, तिच्या वाट्याला हे दोन्ही साचे आले. पण १९३७ च्या 'द गुड अर्थ'मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोचा खराखुरा माणसाचा रोल होता तेव्हा तो गेला लुईझ रायनर ह्या गोऱ्या नटीकडे, आणि वर तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं! आपल्या मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन तर आपण टास्मानियाच्या आहोत असं जगाला सांगत राहिली, कारण खरं सांगितलं असतं तर हिरॉइनचे रोल मिळालेच नसते.

बरं, ही झाली जुनी गोष्ट. आता साचा बदललाय, आता आशियाई मुलगी म्हणजे हुशार, गणितात एक नंबर, वर तोंड करून न बोलणारी. वाटतं की कौतुकच तर आहे, त्यात काय बिघडलं?

१९९९ मध्ये मार्गारेट शिह, टॉड पिटिन्स्की आणि नलिनी अंबाडी या मानसशास्त्रज्ञांनी आशियाई-अमेरिकन कॉलेजकन्यांना गणिताचा पेपर दिला. त्याआधी एक साधा फॉर्म भरायचा होता, काहींना घरी कुठली भाषा बोलता असं विचारलं, काहींना हॉस्टेलमध्ये मुलंमुली एकत्र राहण्याबद्दल, बाकीच्यांना असंच काहीतरी इकडचं तिकडचं. बस एवढंच. आशियाईपणाची आठवण झालेल्यांची साधारण ५४ टक्के उत्तरं बरोबर, बाईपणाची (आणि त्यासोबत 'बायकांना गणित जमत नाही' ह्या शिक्क्याची) आठवण झालेल्यांची ४३, आणि इतरांची ४९. प्रयोग लहान होता, नंतर पुन्हा केला तेव्हा परिणाम दरवेळी तितका स्वच्छ दिसला नाही, हेही सांगायलाच हवं, म्हणून ह्या आकड्यांवर फार उड्या मारू नयेत.

मला जास्त विचार करायला लावतो तो पुढचाच प्रयोग. २००० साली सप्ना चेरियन आणि गॅलन बोडेनहॉसेन यांनी अशाच मुलींना उघड जाणवून दिलं की लोकांची तुमच्या समाजाकडून गणितात मोठी अपेक्षा असते, तर मार्क वाढायच्या ऐवजी घसरले, एकाग्रताच गेली. म्हणजे कौतुकसुद्धा डोक्यावर बसतं. मेंदूची आकडेमोड करायची जागा मर्यादित असते, त्यातली अर्धी जर 'मी कमी पडले तर लोक काय म्हणतील' ह्यातच गेली तर गणित कुठे करणार? आणि जिला सरासरी मार्क पडतात तिला नुसतं नापास झाल्यासारखं नाही, आपण खोट्याच आहोत असं वाटायला लागतं. मग त्रास झाला तरी ती कुणाकडे बोलत नाही, कारण हुशार मुलीला कसला आलाय त्रास.

ह्यावर एक बऱ्यापैकी स्वस्त उपाय तपासून झालाय. २००५ च्या एका अभ्यासात बायकांना गणिताच्या परीक्षेआधी सरळ सांगितलं की पोटात गोळा आला तर तो 'बायकांना गणित जमत नाही' असल्या शिक्क्यांमुळे असू शकतो, तुमच्या अकलेचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि त्यांचे मार्क पुरुषांच्या बरोबरीने आले.