हातातली पानं आणि समोरची माणसं

तीन पत्तीत एका खेळाडूच्या वाट्याला येऊ शकणारे तीन पानांचे संच एकूण २२,१००. त्यांतल्या १६,४४० संचांत ना सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं), ना कलर (तिन्ही एकाच चिन्हाची), ना साधी जोडी. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन वेळा हाती काहीच लागत नाही. पाच जण बसले असतील तर चार-पाच डावांतून एकदा असं होतं की कोणाकडेच जोडीसुद्धा नसते. तरीही पैसे पडत राहतात, एकेक जण पॅक करतो (पानं टाकून देतो) आणि कोणीतरी पॉट (मध्ये जमलेले पैसे) उचलतो. पोकरच्या पाच पानांचं गणित थोडं बरं, पण तिथेही निम्म्या वेळा हात रिकामाच. (जाता जाता एक गंमत: ट्रेल (एकसारखी तीन पानं) ५२ प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची ओळीने तीन) ४८ प्रकारे. दुर्मीळ सिक्वेन्स, पण वरचढ ट्रेल! हा क्रम गणिताने लावलेला नाही, खेळणाऱ्यांनी मान्य केला म्हणून चालत आला.)

पानं इतक्या वेळा निकामी असतील, तर डाव ठरतो कशावर? माझं उत्तर स्पष्ट आहे: माणसांवर. गिरगाव-लालबागच्या चाळींत गणपतीच्या जागरणाला सतरंजी टाकून पत्ते पिसले जातात, तेव्हा गप्पा, चहा, एकमेकांची खेचणं हे सगळं खेळाच्या भोवतीचं वाटतं. प्रत्यक्षात खेळाचा गाभा तिथेच आहे.

हे गणितानेही दाखवता येतं. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली घरगुती बैठ्या खेळांच्या सिद्धांतावर शोधनिबंध लिहिला, आणि १९४४ साली अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरमधल्या ब्लफची, म्हणजे वाईट पानं चांगली असल्याचं भासवण्याची, तपशीलवार मांडणी केली. त्याचा एक निष्कर्ष पहिल्यांदा वाचताना खटकतो: ब्लफ करायचा तो अगदी टाकाऊ पानांवर, मध्यम पानांवर नाही. मध्यम पानं शो झाला, म्हणजे पानं उघडी करायची वेळ आली, तर जिंकूही शकतात, त्यांना गप्प बसून फायदा आहे. टाकाऊ पानांना मात्र समोरच्याला पळवून लावण्यावाचून दुसरा मार्गच नाही.

आणि ब्लफ किती वेळा करायचा? समजा पॉटमध्ये १०० रुपये आहेत आणि मी आणखी १०० लावले. समोरच्याला आता १०० घालून २०० मिळवायची संधी आहे. मी तीनदा असा पैसा लावताना दोनदा खरी पानं धरली आणि एकदा थाप मारली, तर दर वेळी मला पकडायला येणारा दोनदा शंभर-शंभर घालवेल आणि एकदा दोनशे कमवेल. हिशेब शून्य. तो आला काय, न आला काय, त्याला सारखंच. मी याहून कमी थापा मारल्या तर माझ्या चांगल्या पानांवर कोणी पैसे लावणार नाही, जास्त मारल्या तर पकडला जाईन. चाळीतल्या एखाद्या काकांबद्दल ‘ते उगाच चाल करणार नाहीत’ असं सगळे म्हणतात, तेव्हा काका एका अर्थी तोट्यातच असतात. त्यांनी पाचशेची नोट काढल्यासारखा चेहरा केला की सगळे पॅक! मात्र हीच पत वापरून वर्षातून एकदा त्यांनी थाप मारली, तर ती हमखास खपते.

‘त्याच्या तोंडावरून कळतं’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हेच तपासलं. पोकरच्या जागतिक स्पर्धेतल्या चित्रफितींचे छोटे तुकडे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले आणि खेळाडूचा हात किती भारी असेल ते ओळखायला सांगितलं. नुसता चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज नाणं उडवण्याहूनही वाईट निघाले. कसलेल्या खेळाडूचा चेहरा बहुधा मुद्दाम दिशाभूल करतो. पण ज्यांना फक्त पैसे पुढे सरकवणारे बाहू दाखवले, त्यांचे अंदाज योगायोगापेक्षा सरस ठरले. चांगली पानं असली की हालचाल सलग, आश्वस्त होते. चेहऱ्यावर ताबा ठेवायला माणूस लहानपणापासून शिकतो, कोपराकडे कोण लक्ष देतं? पुढच्या वेळी बघा: नोट सतरंजीवर एका झटक्यात पडते, की बोटं क्षणभर तिच्या कडेवर रेंगाळतात.

चेहरा आपल्याला फसवतो तो आणखी एका तऱ्हेने. २०१० साली एरिक श्लिक्ट आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात लोक सोपं केलेलं पोकर खेळले. समोर फक्त प्रतिस्पर्ध्यांची चित्रं होती. भरवशाचा वाटणारा चेहरा समोर आला की लोक जास्त वेळ घेत आणि टिकून राहायला हवं तिथेही पानं टाकून देत. त्या चेहऱ्याचा खेळाशी काडीचाही संबंध नव्हता.

म्हणूनच आपल्या तीन पत्तीतला ब्लाइंड, म्हणजे पानं न पाहता खेळणं, मला फार हुशारीचा नियम वाटतो. पोकरच्या प्रचलित प्रकारांत असं काही नाही. ज्याने स्वतःचीच पानं पाहिली नाहीत, त्याच्या बाहूंतून, आवाजातून काय फुटणार? फुटण्यासारखं त्याच्याकडे काही नाहीच. शिवाय पाहून खेळणाऱ्याला त्याच्या दुप्पट घालावे लागतात. किंमत एवढीच, की वाईट पानं वेळेवर टाकता येत नाहीत. खरा क्षण येतो तो ब्लाइंड खेळणारा आपली पानं उचलतो तेव्हा. चौघं बोलता बोलता थांबतात. पाहून झाल्यावरही तो दुप्पट घालून उभा राहिला, तर त्या एका कृतीने त्याने आधीच्या सगळ्या चालींपेक्षा जास्त सांगून टाकलेलं असतं.

समोर माणूस आहे ही जाणीव मेंदूतही दिसते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली लोकांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना सोपं पोकर खेळायला लावलं, कधी माणसाविरुद्ध, कधी कॉम्प्युटरविरुद्ध. कानाच्या वर, जरा मागे मेंदूचा एक भाग आहे, टेम्पोरो-परायटल जंक्शन. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधताना तो कामाला लागतो. या भागातल्या हालचालीवरून खेळाडू ब्लफ करणार की नाही याचं भाकीत करता येत होतं, पण प्रतिस्पर्धी माणूस असेल तरच.

यंत्र मात्र असल्या कशात पडत नाही. २०१९ साली प्लुरिबस या प्रोग्रॅमने सहा जणांच्या पोकरमध्ये नामवंत व्यावसायिकांना हरवलं. समोर कोण बसलंय, त्याच्या सवयी काय, याची त्याने दखलच घेतली नाही. स्वतःशीच असंख्य डाव खेळून तयार केलेली रणनीती त्याला पुरली. अफाट कामगिरी आहे ही, पण ती आपल्या खेळाची नव्हे. आपण त्याच त्या चार-पाच जणांशी वर्षानुवर्षं खेळतो. जिंकल्या जिंकल्या उठून जाणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी हाक मारत नाही, हे कुठल्याही रणनीतीच्या तक्त्यात बसत नाही.

लोकलमधले ग्रुप याचं सर्वांत सुंदर रूप आहेत. समोरासमोरच्या बाकांवर चौघं, गुडघ्यांवर आडवी बॅग, आणि विरारपासून किंवा कल्याणपासून मेंढीकोट सुरू. इथे भिडू समोर असतो आणि त्याच्याशी बोलायचं ते फक्त पानांतून. त्याची उतारी काय सांगते, त्याने हुकूम का राखून ठेवला, हे दादर येईपर्यंत उलगडायचं. चार हा आकडाही सोयीचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली निरीक्षणांतून दाखवलं की सहज जमलेल्या माणसांत एक संभाषण साधारण चौघांपर्यंतच टिकतं, पुढे त्याचे दोन तुकडे होतात. मेंढीकोटात नेमके तेवढेच लागतात.

पैशाचंही एक गणित आहे. चाळीतल्या डावात एकाचे गेलेले दुसऱ्याच्या खिशात जातात, वर्षाअखेरीस सगळ्यांची मिळून बेरीज शून्य. क्लबमध्ये प्रत्येक पॉटमधून चालवणारा आपला वाटा कापतो, अ‍ॅपवरही कापायचा, त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांची मिळून बेरीज उणेच येते, कोणी कितीही छान खेळो. अ‍ॅपवर तर ना बाहू दिसायचा, ना पानं उचलतानाची शांतता, आणि ‘बास झालं रे आता, उठ’ म्हणणारा शेजारीही नसायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मला तो शेजारी नसणं हाच त्या अ‍ॅपचा सर्वांत मोठा धोका वाटत आला आहे, कारण हरणाऱ्याला थांबवण्याचं काम सतरंजीवर नेहमी त्यानेच केलं.