ऑल-टेरेन टायर : पिकअप वाहनांसाठी निवड आणि माप

ऑल-टेरेन टायर, म्हणजे टायरच्या दुकानात ज्याला नुसते ‘ए/टी’ म्हणतात तो, डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालावा अशा बेताने बनवलेला टायर होय. त्याच्या एका बाजूला फक्त पक्क्या रस्त्यासाठीचा हायवे टायर असतो आणि दुसऱ्या बाजूला चिखलासाठीचा मड टायर. ए/टी या दोहोंमधली तडजोड आहे आणि तडजोड म्हणूनच त्याच्याकडे पाहावे लागते. पिकअपच्या बाबतीत ही निवड मोटारीपेक्षा नाजूक ठरते. हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवर फारसा भार नसतो, म्हणून पावसात ती चटकन घसरतात; हौदा भरला की त्याच चाकांवर कित्येक क्विंटलांचा बोजा येतो. एकाच टायरला या दोन्ही अवस्था सांभाळायच्या असतात. म्हणून नक्षी कोणती हा प्रश्न दुसरा. माप आणि भारक्षमता हा पहिला.

ए/टी टायरच्या नक्षीत रबराचे ठोकळे हायवे टायरपेक्षा मोठे आणि एकमेकांपासून सुटे असतात. त्यांमधल्या रुंद खाचांतून पाणी, माती आणि खडी बाहेर फेकली जाते. ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात. ओल्या डांबरावर त्या चिरांच्या कडा पकड देतात. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे ठेवलेले असतात, जेणेकरून अडकलेला खडा रुतत रुतत आतल्या थरांपर्यंत जाऊ नये. खांद्यावरचे ठोकळे बाजूच्या भिंतीवर थोडे खाली उतरवलेले असतात आणि दगडाच्या धारेपासून ती भिंत काही प्रमाणात वाचवतात. कोकणातील जांभ्याचा रस्ता, घाटमाथ्यावरचा मुरूम, खाणीकडे जाणारी खडीची वाट येथे ही रचना उत्तम काम करते. पावसाळ्यातील काळ्या मातीत मात्र तिची मर्यादा लगेच उघडी पडते. ओली काळी माती खाचांत लेप दिल्यासारखी बसते, चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत नक्षी दिसेनाशी होते आणि नवाकोरा टायरही गोटा झालेल्या टायरसारखा जागच्या जागी फिरू लागतो. ज्याला जुलै-ऑगस्टमध्ये रोज शेताच्या बांधापर्यंत गाडी न्यायची आहे, त्याने ए/टीवर भिस्त ठेवू नये. उलट ज्याची नव्वद टक्के धाव महामार्गावर आहे, त्याला ए/टीमुळे थोडा जास्त आवाज, थोडे जास्त इंधन आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर काहीसे जास्त अंतर स्वीकारावे लागते.

या वर्गाचा उगम अमेरिकेतील आहे. बीएफगुडरिच कंपनीने १९७६ मध्ये रेडियल बांधणीचा (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ घातलेला) ऑल-टेरेन टायर बाजारात आणला आणि मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पावरच्या वाळवंटी शर्यतींतून त्याचे नाव झाले. पुढे टोयो, योकोहामा, फाल्कन आदी कंपन्याही या वर्गात उतरल्या. भारतात एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके या कंपन्यांचे ए/टी टायर मिळतात. ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हा शिक्का अनेक ए/टी टायरांवर असतो. तो केवळ नक्षीच्या भूमितीवरून दिला जातो. तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह मात्र बर्फावरील चाचणीनंतरच मिळते. हिवाळ्यात हिमालयाकडे गाडी नेणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

मापाचे वाचन टायरच्या बाजूच्या भिंतीवरच होते. ‘२६५/६५ आर १७ ११२ एस’ असे लिहिले असेल, तर टायरची रुंदी २६५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १७२ मिलिमीटर, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १७ इंच असा त्याचा अर्थ होतो. ११२ हा भारांक असून तो एका टायरमागे १,१२० किलो दर्शवतो, तर ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर ही वेगमर्यादा. दोन्ही भिंती आणि रिम यांची बेरीज केली की या टायरचा एकूण व्यास ७७६ मिलिमीटर येतो. आता २६५/६० आर १८ घ्या : रिम एका इंचाने मोठी, भिंत १३ मिलिमीटरने बुटकी आणि व्यास ७७५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तितकाच. टोयोटा हायलक्सच्या निरनिराळ्या प्रकारांत ही दोन्ही मापे आढळतात, ती याच कारणाने. दोहोंपैकी निवडायची मुभा असेल, तर कच्च्या रस्त्यासाठी १७ इंची रिमच बरी. खड्ड्याच्या काठावर आपटताना उंच भिंत दबते आणि धक्का पोटात घेते. बुटकी भिंत रिम आणि दगड यांच्यामध्ये चेपून फाटते. दिसायला मोठी रिम रुबाबदार वाटते हे खरे, पण भिंतीला गेलेली चीर पंक्चरसारखी दुरुस्त करता येत नाही.

मोठे टायर बसवण्याचा मोह इथेच सुरू होतो. वरील गाडीला २६५/७० आर १७ बसवला, तर व्यास ८०३ मिलिमीटर होतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आतली वाढ. २८५/७० आर १७ बसवला, तर तो ८३१ मिलिमीटरवर जातो आणि वाढ सात टक्क्यांची होते. गाडी मात्र या वाढीच्या निम्म्यानेच उंचावते : पहिल्या मापात १३, तर दुसऱ्यात सुमारे २७ मिलिमीटर. स्पीडोमीटर मूळ टायरच्या हिशेबाने जुळवलेला असल्यामुळे, मूळ मापावर त्याचे आकडे अचूक धरले, तर काटा १०० वर असताना गाडी पहिल्या मापात १०३, तर दुसऱ्यात १०७ च्या वेगाने धावत असते. एवढेच नव्हे, तर व्यास वाढला की प्रत्येक गिअर लांब पडतो. भरलेला हौदा घेऊन घाट चढताना जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागतो आणि जड चाक थांबवताना ब्रेकवरही ताण येतो. फोर्डच्या एफ-१५० रॅप्टरला कारखान्यातूनच ३१५/७० आर १७ एवढे टायर मिळू शकतात, पण त्या गाडीचे सस्पेन्शन आणि मडगार्ड मुळातच मोठ्या टायरांच्या हिशेबाने आखलेले आहेत. साध्या पिकअपवर तसे टायर चढवणे म्हणजे तिच्या अंगापेक्षा मोठा अंगरखा घालणे. मूळ व्यासापासून तीन-साडेतीन टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये, हे बहुतेक वापरासाठी शहाणपणाचे आहे.

बसते की नाही हे कागदावरच्या हिशेबावरून पुरते कळत नाही. एक चाक उंचवट्यावर चढवून सस्पेन्शन दाबले जाईल असे करावे, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवावे आणि टायर मडगार्डच्या अस्तराला, मागच्या मडफ्लॅपला किंवा आतील बाजूने सस्पेन्शनच्या आर्मला घासतो का ते पाहावे. सपाट जमिनीवर बोटभर दिसणारी जागा चाक वर दबले की नाहीशी होते. रिमची रुंदीही जुळावी लागते; २८५/७० आर १७ साठी ती साडेसात ते नऊ इंचांदरम्यान हवी.

भारक्षमतेविषयी सर्वाधिक गैरसमज ‘एलटी’ या अक्षरांभोवती आहेत. एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठीची बांधणी. तिची भिंत जाड असते आणि ती जास्त हवा पेलते. साध्या २६५/७० आर १७ टायरचा भारांक सहसा ११५, म्हणजे १,२१५ किलो असतो आणि तो भार तो ३५-३६ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवेवर वाहतो. त्याच मापाचा, ‘ई’ या भारश्रेणीचा एलटी टायर १,४५० किलोपर्यंत जातो, पण त्यासाठी त्याला ८० पीएसआय हवा लागते. ५० पीएसआयला तो सुमारे १,१२० किलोच वाहतो. म्हणजे मजबूत टायर म्हणून एलटी बसवला आणि पंपावर हवा भरणाऱ्याला सवयीने ‘बत्तीस ठेवा’ म्हणून सांगितले, तर गाडीची क्षमता वाढण्याऐवजी घटते, भिंत सतत वाकत राहते आणि टायर तापतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला हवेचा तक्ता मूळ टायरसाठी असतो. टायरचा प्रकार बदलला की हवेचा आकडाही भार-दाब कोष्टकावरून नव्याने ठरवावा लागतो. जो रोज टनभर माल वाहत नाही, त्याला ‘ई’ श्रेणीची गरज नसते. तिचे जादा वजन आणि कडकपणा रिकाम्या गाडीला उड्या मारायला लावतो. मात्र नव्या टायरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी असणे कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नये.

मऊ वाळूत हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो आणि रुतत नाही. ही सोय केवळ सावकाश चालण्यापुरतीच आहे. पक्क्या रस्त्यावर येताच पूर्ण हवा भरलीच पाहिजे. म्हणून गाडीत बारा व्होल्टचा पंप नसेल तर हवा उतरवूच नये.

भारतात निवडीला आणखी काही बंधने आहेत. टायरवर आयएसआय चिन्ह लागते आणि जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याच्या अधीन असल्याने परदेशात सहज दिसणारी काही मापे येथे मिळवणे अवघड असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर मर्यादा घालते. खरेदी करताना भिंतीवरचे चार आकडी अंक पाहावेत : ‘२३२४’ म्हणजे टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नव्या ए/टी टायरच्या खाचा दहा-बारा मिलिमीटर खोल असतात. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असली, तरी ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या कितीतरी आधी सुटू लागते. मापात बदल केला, तर स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी आणि ती हौद्याखालच्या जागेत बसते का हे आधी पाहावे; चारही चाके मोठी आणि स्टेपनी जुनी राहिली, तर ती मागच्या आसावर लावून दूर जाताना डिफरन्शिअलमधील (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेतील) गिअर अखंड फिरत राहून झिजतात.