धडकेचा इशारा आणि ड्रायव्हरचा विश्वास

1959 साली जनरल मोटर्सने ‘कॅडिलॅक सायक्लोन’ ही प्रायोगिक गाडी लोकांसमोर आणली. तिच्या पुढच्या दोन सुळक्यांत रडार बसवलेलं होतं. वाटेत काही आलं की दिवा लागायचा, आवाज व्हायचा. ती गाडी विक्रीला कधी आलीच नाही. 1992 मध्ये जपानमध्ये मित्सुबिशीच्या ‘डेबोनेअर’मध्ये पुढच्या गाडीचं अंतर लेझरने मोजून सावध करणारी यंत्रणा आली. तोवर प्रश्न फक्त यंत्राचा वाटत होता.

तो माणसाचाही आहे, हे 1997 मध्ये मानसशास्त्रज्ञ राजा परशुरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या हिशेबाने दाखवलं. खरी धडक व्हायची वेळ फार क्वचित येते. त्यामुळे यंत्र कितीही अचूक असलं, तरी त्याचे बहुतेक इशारे फुकटच ठरणार. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण शाळेत शिकलो, तोच हा धोका! पुढे अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 96 जणांना अशी यंत्रणा बसवलेल्या ब्यूक कंपनीच्या गाड्या काही आठवडे रोजच्या वापराला दिल्या, तेव्हा रस्त्याकडेच्या खांब-पाट्यांनाही यंत्र ओरडत असल्याचं दिसलं.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो अमेरिकेतल्या आयोवाच्या सिम्युलेटरवरचा (म्हणजे गाडी चालवल्याचा हुबेहूब अनुभव देणाऱ्या यंत्रावरचा), 2002 मध्ये प्रसिद्ध झालेला संशोधक जॉन ली आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. लक्ष विचलित झालेल्या चालकांना इशारा लवकर मिळाला तेव्हा धडका सुमारे 81 टक्क्यांनी घटल्या, उशिरा मिळाला तेव्हा 50 टक्क्यांनी. फायदा जोरात ब्रेक दाबल्याने झाला नव्हता. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवरून लवकर निघाला होता. म्हणजे इशारा नजर रस्त्यावर परत आणतो, पुढचा निर्णय चालकच घेतो. म्हणूनच इशारा कधी वाजतो याला इतकं महत्त्व आहे.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या आकड्यांनुसार, पुढच्या गाडीवर आदळण्याचे अपघात नुसत्या इशाऱ्याने 27 टक्के कमी होतात. जोडीला आपोआप लागणारा ब्रेक असेल तर 50 टक्के.

नागपुरात 2021 पासून ‘आयरास्ते’ या रस्ता-सुरक्षा प्रकल्पात शहर बसमध्ये असे इशारा देणारे कॅमेरे बसवले गेले. आपल्याकडे पुढच्या गाडीशी जरा अंतर ठेवलं की मधे दुचाकी किंवा रिक्षा घुसते. तिथे प्रत्येक वेळी बीप वाजला, तर दिवसभर बस हाकणारा ड्रायव्हर त्यातला कोणता खरा मानेल?