नारळाची सावली आणि उपाशी बॅटरी

एप्रिलच्या दुपारी कोकणात गाडी कुठे लावावी, याचा साध्या मोटारवाल्याला विचार करावा लागत नाही. सावली दिसली की लावली. कॅम्परव्हॅनवाल्याचे मात्र तसे नसते. नारळाखाली लावावी तर आत झोप लागते, पण टपावरचे सोलर पॅनल उपाशी. उन्हात लावावी तर पॅनल खुशीत आणि आत माणसांची भट्टी. गुहागरजवळच्या आमच्या पहिल्याच मुक्कामात आम्ही सावली निवडली. दुसऱ्या संध्याकाळी फ्रिजने मान टाकली आणि तिसऱ्या सकाळी बांगड्यांनी ते साऱ्या गाडीला कळवले.

गंमत म्हणजे पॅनलवर पूर्ण सावली नव्हतीच. एका कोपऱ्यावर झावळी हलत होती, एवढेच. पण पॅनलमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. बांधकामावर घमेली पुढे सरकवणाऱ्या माणसांची रांग आठवा. मधला एकजण ढिला पडला की सगळी रांग त्याच्या चालीने चालते. अशा वेळी अडलेला भाग वगळून वीज पुढे नेण्यासाठी पॅनलमध्ये डायोड बसवलेले असतात, पण तो वगळलेला भाग लहान नसतो. वीतभर सावलीत अर्धे पॅनल निकामी होऊ शकते.

आता हिशेब मांडू. गाडीतला 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण 45 वॅट, म्हणजे पावणेचार अँपिअर घेतो. कोकणच्या उकाड्यात तो निम्मा वेळ तरी चालतो, म्हणजे दिवसाला 45 अँपिअर-तास गेले (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). रात्रभर पंखा 20, दिवे, मोबाइल आणि पाण्याचा पंप मिळून 10. एकूण 75. आमची बॅटरी 150 अँपिअर-तासांची, शिशाची. ती निम्म्याखाली उतरवू नये असे म्हणतात, म्हणजे हाताशी 75. बरोबर एका दिवसाची शिदोरी! 200 वॅटचे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला 55 ते 60 परत देते. पॅनल तापल्यावर त्याची ताकद कमी होते (25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के), तो तोटा यात धरला आहे. दाट ढगांत मात्र दहाव्या हिश्शावरही समाधान मानावे लागते.

निम्म्याखाली का उतरवू नये, हे समजायला बॅटरीच्या पोटात डोकवावे लागेल. ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये बनवली आणि तिचे रसायन आजही तेच आहे. शिशाच्या प्लेटा गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. वीज बाहेर पडताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक कण जमतात. चार्जिंग लावले की ते विरघळतात. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्या कणांचे खडे होतात. पाक बरणीत विसरला की तळाशी खडीसाखर धरते, तसेच. हे खडे मग चार्जरला दाद देत नाहीत आणि तेवढी प्लेट कायमची गेली. घरातला इन्व्हर्टर ज्यांनी वर्षानुवर्षे सांभाळलाय त्यांना हे ठाऊक असते. वापरातली ट्यूब्युलर बॅटरी टिकते, बंद घरातली आधी जाते. तेव्हा बॅटरीत रोज किती वीज घातली, याच्या जोडीला ती दर काही दिवसांनी काठोकाठ भरली का, हेही पाहायला हवे.

आणि काठोकाठ भरणे हे वेळखाऊ काम आहे. डेपोत एसटी लागली की पहिली चाळीस माणसे धडाधड चढतात, शेवटची दहा मात्र पिशव्या सरकवत, अंग चोरत आत शिरतात. बॅटरीही 80 टक्क्यांपर्यंत भराभर वीज घेते. पुढचे 20 टक्के 14.4 व्होल्टच्या आसपास धरून ठेवले तरी काही तास खातात. म्हणून ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी तो संध्याकाळी नव्हे, सकाळी लावावा. मोठा घास इंजिनाने भरवायचा आणि शेवटचा रेंगाळणारा भाग दिवसभर उन्हावर सोपवायचा.

गाडी चालताना बॅटरी आपोआप भरते, या समजुतीवर आम्हीही विसंबलो होतो. इंजिनावर फिरून वीज बनवणारा, गॅरेजवाले ज्याला अजून डायनामो म्हणतात तो अल्टरनेटर मुळात सेल्फच्या बॅटरीसाठी असतो. सेल्फ मारायला क्षणभर वीज लागते, ती परत भरली की त्याचे काम झाले. त्यात बीएस-6 या प्रदूषण-नियमांच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचवायला अल्टरनेटर मुद्दाम व्होल्टेज उतरवतो. सेल्फच्या बॅटरीला ते चालते, मागची फ्रिज-पंख्याची बॅटरी मात्र पाच तासांच्या प्रवासानंतरही अर्धपोटी. यावर उपाय आहे तो दोन बॅटऱ्यांमध्ये बसणारा डीसी-डीसी चार्जर. तो मिळेल त्या व्होल्टेजला चढवून 14.4 पर्यंत नेतो. 30 अँपिअरचा बसवला तर दोन तासांच्या रस्त्यात 60 अँपिअर-तास, म्हणजे पॅनलचा अख्खा दिवस. त्याला जाडजूड वायर मात्र हवीच. 12 व्होल्टमध्ये बारीक वायरीने अर्धा व्होल्ट खाल्ला तरी सगळे मुसळ केरात. उभ्या गाडीचे इंजिन नुसते घुरघुरत ठेवून बॅटरी भरणे मला पटत नाही. डिझेल जळते, कमी फेऱ्यांवर अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो आणि तो तापतो.

युरोपात कॅम्पिंगच्या जागेवर गाडीशेजारी 16 अँपिअरचा निळा सॉकेट मिळतो. आपल्याकडे महाराष्ट्राचे कॅराव्हॅन धोरण 2021 मध्ये आले, सॉकेट अजून शोधावे लागतात. पण त्यावाचून अडत नाही. 20 अँपिअरचा चार्जर घरच्या लाइनवरून जेमतेम 350 वॅट ओढतो. मिक्सर याहून जास्त खातो. होमस्टेच्या काकूंना एवढे सांगितले की ओटीवरच्या प्लगला कोणी नाही म्हणत नाही. अर्थिंग तेवढे तपासून घ्यावे.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली तर यातले बरेच नियम उलटतात. ती 80 टक्क्यांहून जास्त वापरता येते, अर्धी भरलेली ठेवली तर उलट खूश असते. तिची खोड वेगळी. शून्य अंशाखाली तिला चार्ज केले तर लिथियम आत शिरण्याऐवजी धातूच्या रूपात वरच साचते आणि ते नुकसान भरून येत नाही. हिमाचलातल्या गारठलेल्या स्पितीत पहाटे पॅनलवर कोवळे ऊन आले तरी चार्जिंग रोखणारे सर्किट बॅटरीत हवेच.

राहिला पावसाळा. चार महिने सोसायटीत ताडपत्रीखाली उभी गाडी काही वापरत नाही, असे वाटते. पण घड्याळ, अलार्म, कुठला तरी सेन्सर मिळून 50 मिलिअँपिअर चाटत असले तरी महिन्याला 36 अँपिअर-तास जातात. गणपतीला गावी निघेपर्यंत खडीसाखर तयार. आम्ही आता जूनमध्ये बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्हची वायर काढून ठेवतो आणि महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावतो. काही तास विसावलेली बॅटरी 12.7 व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. 12.4 दिसले की दुसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडायचा आणि वॉचमनला चहा पाजायचा.